बुधवारचा बांगडा

काकांच्या हातात काहीही द्या, ते आधी उजेडासमोर धरत. कौन्सिलचं पत्र, काचेचा पेला, भाजलेला पापड, काहीही. मान तिरकी करून एक डोळा बारीक करत आणि म्हणत, "हाड लपत नाही." तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याची नोकरी संपते पण हात कामावरच राहतात. काकांनी बत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढले होते.

दोन हजार चार साली आम्ही लंडनच्या पिनर भागात राहायला आलो, तेव्हा शेजारच्या घरात ते एकटेच होते. मूळचे वेंगुर्ल्याचे. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी न्यूकॅसलला. आम्ही पुण्याचे, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्याच वर्षी नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, चालत असेल तर आठवड्यातून एकदा तरी मासे खा. नवरा खायला तयार होता. करायचे कोणी, हा प्रश्न होता. मी एकदा कुंपणाशी उभी राहून हे काकांना बोलून गेले.

"मग रडतेस काय गो? वार ठरव."

"कुठलाही चालेल की, काका."

"कसा चालेल? सोमवार, गुरुवार, शनिवार देवांचे. मंगळवारी तुझा उपास. शुक्रवारी तुम्ही दोघं ऑफिसातून दमून येता, रविवारी पाहुणे. राहिला बुधवार. बुधवार माझा."

पहिल्या बुधवारी ते मला हॅरोतल्या मासळीच्या दुकानात घेऊन गेले. "डोळा बघ. मासा आपल्याकडे बघतोय असं वाटलं तर घे. आपल्यापलीकडे बघत असेल तर सोड." दुकानदार साफ करून द्यायला निघाला, तर काकांनी त्याला थांबवलं. घरी येऊन सुरी माझ्या हातात दिली. मी ती माशापासून वीतभर लांबच धरून उभी राहिले.

"घाबरतंस कित्याक? मेलाय तो. तू जिवंत आहेस."

तिरफळं आणि आमसुलं घालून बांगड्याचं तिखलं झालं. भर डिसेंबरात मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पुढचा महिनाभर मी त्याच टेबलावर दहीभात खात होते. मग एक दिवस मीठ बघायचं म्हणून रश्शात बोट घातलं, आणि दहीभात संपला.

आमची इरा तेव्हा सात वर्षांची, मराठी मोडकंतोडकं बोलणारी. "काका, मासाचे डोळे का उघडे आहे?" हा तिचा पहिला प्रश्न. ती मासे खायला लागली ती काकांमुळेच. ते प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपत, दिव्यासमोर धरत, "ऑल क्लिअर!" म्हणत, आणि मगच तो तिच्या ताटात पडे. त्या दोन शब्दांशिवाय ती घास उचलत नसे.

वर्ष होत आलं असेल. एका बुधवारी "ऑल क्लिअर" झालं, इराने घास घेतला आणि ती थांबली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, हात गळ्याशी. आम्ही तिला तशीच उचलून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी लांब चिमट्याने काटा काढला. नखाएवढा होता.

काका बाहेर बाकावर बसले होते, हात गुडघ्यांमध्ये दाबून. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

"डाव्या डोळ्याला मधलं दिसत नाही मला. उन्हाळ्यापासून. आता उजवाही तसाच व्हायला लागलाय. मला माहीत होतं गो."

"मग बोलला का नाहीत?"

"बुधवार गेला असता."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्या उत्तराने तो जास्तच अवघड झाला. गाडीत नवरा म्हणाला, "बस झाले मासे." मी मान हलवली. पुढचे दोन बुधवार आमच्याकडे वरणभात होता. काका आले नाहीत. त्यांना बोलवायला आम्हीही गेलो नाही.

तिसऱ्या बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि एकटी हॅरोला गेले. आपल्याकडे बघणारे चार बांगडे निवडले. ते साफ केले, चिरले, शिजवले. चव बघितली, आणि खरं सांगते, ती बरोबर होती. मग इराला घेऊन काकांचं दार वाजवलं. आत ताटलीत टोस्ट होता, वर डब्यातले बीन्स.

"नको," काका म्हणाले. "माझ्या हातून पुन्हा..."

"तुमच्या हातून काही नाही, काका. केलंय मी. तुम्ही नुसते जेवायला या."

ते हलेनात. तेव्हा इराने त्यांची बाही ओढली. "काका, तुम्ही माझ्या बाजूला बस. मी हाड काढते. माझी डोळे नवीन आहे."

काका हसले आणि हसताहसताच त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी नवऱ्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मासे बस झाल्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

पुढची दोन वर्षं इरा काकांच्या ताटातले काटे काढून बशीच्या कडेला रांगेत लावत असे. काका तिला गुण देत, दहापैकी. नवऱ्याचा कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आला, त्याचं सगळं श्रेय काकांनी घेतलं. गोळ्यांचा उल्लेखही कुणाला करू दिला नाही.

मग दिसणं फारच कमी झालं आणि मुलगी त्यांना न्यूकॅसलला न्यायला आली. तिथे ते आणखी दोन हिवाळे जगले. आमचं फोनवर बोलणं व्हायचं, भेट मात्र पुन्हा झाली नाही.

काका निघाले त्या दिवशी आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. आमचा रस्ता पुढे बंद आहे, त्यामुळे निरोप घेऊन गेलेली गाडी वळून पुन्हा आमच्यासमोरून आली. आम्ही परत हात केले. काकांना ते दिसले नाहीत. ते मुलीला काहीतरी समजावत होते, आणि त्यांचा उघडा तळवा हवेत तिरका, सावकाश खाली येत होता. मासा कसा चिरायचा, ते सांगणं चाललं होतं.