दोनदा माप
कापडाच्या बाबतीत कात्रीबाईचा हात कोणी धरणार नाही. दोनदा माप घेतल्याशिवाय ती कात्री लावायची नाही. माणसांच्या बाबतीत मात्र सगळं उलटं! आधी तोडायचं, मग रडत बसायचं. कोणाचा फोन उशिरा आला, की लगेच पराचा कावळा. चार शिव्या, नंबर ब्लॉक, आणि तासाभराने त्याच दारात, 'मला सोडून जाऊ नका.' मैत्रिणी गेल्या, नवरा गेला. एकदा तर ही स्वतःच्याच जिवावर उठली. तेव्हा तिच्या ताईने उचलून दवाखान्यात नेलं. उरली ती एवढी ताईच.

तिथल्या थेरपिस्ट म्हणाल्या, "याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. टाकलं जाण्याची भीती तुम्हाला फार छळते. तुम्ही वाईट नाही. सावरायला शिकता येतं."

ही बया एवढी गोड बोलते म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं कात्रीबाई तीन महिने धरून बसली होती. पण दर मंगळवारी त्यांच्याकडे जायची, हेही खरं.

त्या दिवशी ती आपल्या शिवणाच्या दुकानात शिरली, तर ताई खिडकीशी फोनवर कुजबुजत होती. हिला पाहताच फोन बंद.

"कोण होतं?"

"कोणी नाही गं."

पाणी कुठेतरी मुरतंय! कानशिलं तापली. पण थेरपिस्टनी शिकवल्याप्रमाणे तिने खडू घेतला आणि कापायच्या टेबलावर दोन ओळी लिहिल्या. दिसलं काय, तर ताईने फोन ठेवला. मनाने जोडलं काय, तर ताई मला टाकणार. मग दहा श्वास मोजले.

"ताई, तू मला सोडून चाललीस असं वाटतंय. खरं काय ते सांग."

ताईने आधी टेबलावरची कात्री हळूच लांब सरकवली.

"बदली झालीये. पुढच्या महिन्यात जायचंय. रोज सांगेन म्हणते, पण मला तुझी भीती वाटते गं."

म्हणजे संशय खरा होता! 'चालती हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण ताईची भीती त्या दोन ओळींत कुठेच नव्हती. ती ताईसमोरच हमसून हमसून रडली. मग नाक पुसलं.

"तिकडे थंडी असते?"

"असते."

"मग उभी राहा. कोट शिवते."

तिने छाती, बाही, उंची घेतली. ताईचे खांदे अजून आखडलेलेच होते.

"सैल सोड ना गं, माप चुकतं," ती म्हणाली, आणि टेप घेऊन पुन्हा पहिल्यापासून माप घेऊ लागली.