भार्गवीनं 'सी' दिला नाही

आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या कॅसलट्रॉय भागात भार्गवी पांढरीपांडेला लोक ओळखत ते तिच्या आवाजामुळे. पंचेचाळिशी गाठली तरी ती तिथल्या एका हॉकी क्लबच्या तिसऱ्या संघात गोलकीपर म्हणून उभी राहायची आणि तिथून साऱ्या संघावर ओरडायची. तिसरा संघ म्हणजे एक नर्स, एक केक बनवणारी, शाळेतल्या दोन शिक्षिका आणि उरलेल्या कुणाच्या ना कुणाच्या आया. सामने बहुतेक हरायच्या, पण एकही चुकवायच्या नाहीत. भार्गवीचे पॅड गराजमध्ये ठेवलेले असत. त्यांच्या वासाबद्दल नवरा विक्रांत आणि मुलगी तन्वी यांचं संपूर्ण एकमत होतं, आणि घरात असं एकमत फारसं कशावर होत नसे.

हॉकी ती नागपुरात शिकली, मुरमाच्या मैदानावर, जिथे पडलं की कोपर सोलून निघायचं. कॉलेजच्या संघात गोलात उभं राहायला कुणीच तयार नव्हतं म्हणून ही उभी राहिली, आणि मग तिथून हललीच नाही. पुढे इंजिनिअरिंग आलं, पुण्याची नोकरी आली, लग्न झालं, एम.एस.साठी लिमरिकला येणं झालं. मधली बरीच वर्षं स्टिक हातात आली नाही, पण गोलकीपरची नजर काही गेली नाही. गोलकीपर सगळ्यांच्या मागे उभी असते. चेंडू कुणाकडे आहे यापेक्षा ज्यांच्याकडे तो नाही त्या काय करताहेत, याची तिला जास्त काळजी असते.

ही नजर तिला नोकरीत कामाला आली. ती ज्या छोट्या कंपनीत होती ती सामन्यांच्या व्हिडिओतून आकडे काढायचं सॉफ्टवेअर बनवायची. कोण किती धावली, किती वेगानं, किती पास नीट पोचले. २०२० मध्ये सगळ्यांचा प्रवास बंद झाला तसा बेल्जियममधला एक व्यावसायिक हॉकी क्लब या कंपनीकडे आला. क्लबनं वेगवेगळ्या देशांतल्या डझनभर तरुण मुली हेरून ठेवल्या होत्या. त्या आपापल्या देशात खेळत होत्या आणि तयार झाल्या की बेल्जियमला जायच्या होत्या. कोण तयार होतेय हे पाहायला क्लबची माणसं एरवी विमानानं हिंडायची. आता ते काम व्हिडिओवर आलं. दर हंगामाला प्रत्येकीला ए, बी किंवा सी द्यायचा. सी म्हणजे क्लबशी नातं संपलं.

आकडे आणि त्यांवरून कच्ची ग्रेड मशीन काढायचं. ते तपासून, व्हिडिओ बघून, प्रत्येकीबद्दल दोन परिच्छेद लिहिणं आणि पक्की ग्रेड देणं हे भार्गवीचं काम. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती बसायची आणि बसल्या जागेवरून त्या पोरींना सूचना द्यायची. "अगं माग बघ, माग! ती येऊन राहिली ना!" तन्वी हेडफोन चढवून शाळेच्या ऑनलाइन तासाला बसलेली असे. ती कंटाळून म्हणायची, "मॉम, शी कान्ट हिअर यू."

त्या डझनभरातली एकच मुलगी आयर्लंडची होती. क्लोडा तिचं नाव, वय अठरा. मिडफील्डला खेळायची आणि पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारायची, म्हणजे चेंडू स्टिकनं ठोकायचा नाही, जमिनीवरून ओढत आणून गोफणीसारखा सोडायचा. पहिल्या अहवालात भार्गवीनं तिला बी दिला होता. चेंडू हातचा गेला की बाकीच्या पोरी क्षणभर थांबतात, ही लगेच वळते, असं तिनं लिहिलं होतं.

दुसरा अहवाल २०२१च्या फेब्रुवारीत द्यायचा होता. क्लोडाचे आकडे घसरले होते. फ्लिकचा वेग कमी, धाव कमी, पास चुकलेले. मशीननं तिला तळाला टाकलं. भार्गवीनं तिचे नवे सामने पाहिले, मग तारखा पाहिल्या. आयर्लंडमधली मैदानं आदल्या वसंतात लॉकडाऊनमुळे बंद झाली होती. मधे थोडे दिवस उघडली, तेव्हाचेच हे सामने. मग पुन्हा कुलूप. यादीतल्या बाकीच्या मुली मात्र आपापल्या देशात बराच काळ टर्फच्या मैदानावर खेळत होत्या. त्यांच्याशी क्लोडाची तुलना करणं म्हणजे प्लास्टर आत्ताच काढलेल्या माणसाला पळायला लावून तो मंद आहे म्हणण्यासारखं होतं.

भार्गवीनं ए, बी, सीच्या जागी लिहिलं, 'एवढ्यावरून ठरवता येत नाही.'

दुसऱ्या दिवशी संजीवचा कॉल आला. संजीव मूळचा डोंबिवलीचा, डब्लिनला बसायचा, या कामाचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण क्लायंट नाराज होईल या विचारानंच त्याला घाम फुटायचा.

"भार्गवी, क्लोडाला ग्रेड दिली नाहीस."

"देण्यासारखं काही हातात नाही म्हणून दिली नाही."

"अगं आकडे समोर आहेत. सरळ सी आहे. यात ठरवण्यासारखं काय आहे?"

"ते आकडे लॉकडाऊनचे आहेत, संजीव. तिचे नाहीत."

"असेल तसं. पण आपण डेटा देतो, सहानुभूती नाही देत."

"सहानुभूती कोण मागून राहिलं तुला?" राग आला की भार्गवीचं इतक्या वर्षांचं घासूनपुसून नीट केलेलं मराठी गळून पडायचं. "मोजमाप चुकलं म्हणून सांगून राहिली मी. तुले समजून नाही राहिलं काय?"

संजीव हळूच म्हणाला, "ती लिमरिकची आहे. लोक म्हणतील, गावातली पोरगी म्हणून सांभाळून घेतेय."

हे तिला लागलं. क्लोडाला तिनं कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. क्लब वेगळा, वय वेगळं. पण लागलं म्हणून ती नमली नाही. "म्हणू दे," ती म्हणाली. "माझ्या नावानं हा सी जाणार नाही. तुझ्या नावानं द्यायचा तर दे, मी क्लायंटला सांगेन की मला तो पटलेला नाही."

आणि खरंच तिनं सांगितलं. पुढच्या व्हिडिओ कॉलवर क्लबचा योरिस होता, नवे खेळाडू निवडण्याची जबाबदारी त्याची. संजीव गोड शब्दांत अहवाल वाचत असताना भार्गवीनं माइक चालू केला. इंग्रजीत, पण नागपूरच्या ठसक्यात, तिनं तारखा मांडल्या, कुलपं मांडली आणि म्हणाली, "या घडीला तुम्ही या मुलीला काढलंत तर तुम्ही तिला काढत नाही, आमच्या बंद मैदानाला काढता."

योरिसनं तारखा लिहून घेतल्या. "मला ग्रेडच्या ठिकाणी रिकामी जागा उपयोगाची नाही," तो म्हणाला. "एप्रिल उजाडेपर्यंत मला तिचं आजचं काहीतरी दाखवा. नाही दाखवलंत तर सी."

कॉल संपताच संजीवनं तिला त्या कामावरून काढलं. क्लायंटसमोर तोंडघशी पाडलंस, एवढंच म्हणाला. तिला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, कुठल्यातरी सायकल शर्यतीच्या आकड्यांवर.

विक्रांत जवळच्या शॅनन गावातल्या एका कंपनीत होता, पण तोही आता घरूनच काम करायचा. त्यानं विचारलं, "नोकरी जाईल अशी भीती वाटत नाही?"

"वाटते ना," ती म्हणाली. "पण मग काय करू? द्यायचा होता का सी?"

त्यावर विक्रांतनं चहा टाकला. वाद घालण्यात अर्थ नसला की तो चहा टाकायचा.

काम काढून घेतलं तरी भार्गवीनं क्लोडाला सोडलं नाही; तिनं स्वतः विचारल्यावर योरिसनं क्लोडाशी गाठ घालून दिली. वर्षभर जिला पडद्यावर पाहिलं ती मुलगी घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहते, हे भार्गवीला तेव्हा कळलं. पाच किलोमीटरची हद्द सरकारनं सगळ्यांनाच घालून दिली होती. त्या हद्दीत दोन घरांतल्या माणसांनी उघड्यावर एकत्र व्यायाम करायला मात्र परवानगी होती. मैदानं बंद, पण एका बंद फर्निचरच्या दुकानामागचा कार पार्क मोकळा होता. भार्गवीनं भिंतीवर खडूनं गोल आखला, पॅड चढवले, हेल्मेट घातलं आणि तन्वीच्या हातात फोन दिला. तन्वीला हे अजिबात आवडलं नव्हतं. "समवन फ्रॉम स्कूल विल सी," ती पुटपुटली.

क्लोडा आली तीच चिडलेली. लालसर केस, ओठ घट्ट मिटलेले. "तुम्हीच मला गुण देता ना?" तिनं विचारलं. "माझी कीव आली म्हणून हे चाललं असेल तर मी घरी जाते."

"कीव करायला मला वेळ नाही," भार्गवी म्हणाली. "चेंडू आण. मार."

पहिल्या दिवशी क्लोडा फार वाईट खेळली. डांबरावर चेंडू उड्या मारायचा, स्टिक घासायची, फ्लिक गोलाच्या बाहेर भिंतीवर आदळायची. भार्गवीला जवळजवळ काहीच अडवावं लागलं नाही, आणि तिनं तसं तोंडावर सांगितलं. क्लोडाचा चेहरा लाल झाला. तिनं एक शिवी हासडली आणि पुन्हा चेंडू लावला. तेव्हा भार्गवीला काहीतरी दिसलं. पोरीनं पुढच्या वेळी पाय थोडा मागे ठेवला. तरी फ्लिक चुकली. त्याच्या पुढच्या वेळी मनगट आधी वळवलं. तीही चुकली. पण एकच चूक ती दोनदा करत नव्हती.

त्या आठवड्यात गार्डाची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी आली. एक तरुण पोलिस खिडकी खाली करून म्हणाला, "हे काय चाललंय?"

"व्यायाम," हेल्मेटच्या आतून भार्गवी गरजली. "दोन घरं, पाच किलोमीटर, उघडं आभाळ. मोजून बघा हवं तर."

त्यानं क्लोडाकडे पाहिलं, भिंतीवरच्या खडूच्या रेघांकडे पाहिलं. तेवढ्यात क्लोडानं फ्लिक सोडली आणि ती भार्गवीच्या मांडीवर, नेमकी पॅड संपतो तिथे, बसली. भार्गवी "आई गं" म्हणत खाली बसली. "ग्रँड," पोलिस म्हणाला, "चालू द्या," आणि गाडी वळवून गेला. तन्वी इतकी हसली की फोन हलला. त्या दिवसापासून मात्र ती कुरकुर न करता येऊ लागली, एवढंच नाही तर क्लोडाला सल्लेही देऊ लागली.

मार्च सरता सरता फ्लिक खडूच्या गोलाबाहेर नाही, आत जाऊ लागल्या. भार्गवीच्या दोन्ही मांड्या निळ्याजांभळ्या झाल्या होत्या आणि ती त्या विक्रांतला पदक दाखवावं तशी दाखवायची.

व्हिडिओ तयार झाला. कंपनीच्या कामात तो धरला जाणार की नाही हे कळेना, म्हणून तिनं तो आधी संजीवला दाखवला. संजीवनं तो नीट पाहिला. "शेवटचे दिवस चांगले आहेत," तो म्हणाला. "पहिला आठवडा कापून टाक. फार खराब दिसतेय."

"पहिला आठवडाही जाईल," भार्गवी म्हणाली. "पूर्ण. तोच तर दाखवायचाय. मुलगी आज किती खेळते ते आपलं मशीन सांगेल. ती उद्या किती खेळेल हे कळायला ती काल किती वाईट होती ते दिसायला पाहिजे. कापून पाठवायचं असेल तर मीच पाठवते सगळं."

"तू ऐकणार नाहीसच का?"

"नाही."

संजीवनं सुस्कारा टाकला आणि सगळंच पुढे पाठवलं, आरंभीच्या भिकार फ्लिकांसकट.

योरिसनं क्लोडाला ए दिला नाही, बीसुद्धा दिला नाही. उन्हाळ्यात बेल्जियमला ये, इतर मुलींबरोबर खेळून दाखव, मग बघू, असं त्यानं कळवलं. भार्गवीला एवढंच हवं होतं. सीमा खुल्या झाल्या तशी क्लोडा गेली. पहिल्या दोन सराव सामन्यांत तिला बाकावरच बसवलं. तिसऱ्यात उतरवलं. त्यात तिनं एक गोल केला आणि एक सोपा घालवला. क्लबनं तिला आणखी एका हंगामासाठी ठेवून घेतलं. तिच्याबरोबरची एक मुलगी, जिला मशीननं ए दिला होता, ती घरी परत गेली. तिच्याबद्दल भार्गवीला वाईटच वाटलं. तिलाही कुणीतरी नीट पाहायला हवं होतं, ती म्हणाली.

शरद ऋतूत संजीवचा पुन्हा कॉल आला. सायकलींचं काम संपत आलं होतं. "योरिस तुलाच मागतोय," तो म्हणाला. आवाजात थोडा संकोच होता. "परत येशील?"

"माझ्या अटी आहेत."

"सांग."

"प्रत्येक मूल्यमापनाखाली माझं नाव. 'ठरवता येत नाही' असा चौथा पर्याय. आणि सी देण्याआधी मी त्या मुलीशी फोनवर बोलणार. स्वतः."

"असं कुणीच करत नाही, भार्गवी."

"मग मला कशाला बोलावून राहिला?"

पलीकडे संजीव हसला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलताना हसला होता. "विचारून सांगतो," तो म्हणाला. आठवड्याभरात तिन्ही अटी मान्य झाल्या, आणि सोमवारी सकाळी तिनं सगळ्यात आधी स्पेनमधल्या एका मुलीला फोन लावला, जिच्या नावापुढे मशीननं सी लिहिला होता.