रिकामा चाप

नवरा डॉइल व्हार्नी गेला तेव्हा ओलेटाच्या घरातून एक आवाज गेला. संध्याकाळी सहाला जेवण झालं की डॉइल टेबल पुसायचा, पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर नेम धरून चाप ओढायचा. टक्. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून सोडायचा, पुन्हा नेम, पुन्हा टक्. दहा वेळा. ओलेटा पाठमोरी भांडी घासत असायची. ती मोजायची नाही, पण दहावा टक् झाला की तिचा हात आपोआप नळ बंद करायला जायचा. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

ऑक्टोबरात एका सकाळी तो अंगणात, गाडीचं इंजिन चालू असताना, स्टिअरिंगवर मान टाकून गेला. चर्चमधल्या बायकांनी शिजवलेल्या जेवणाची, कॅसरोलची, अकरा भांडी आणून दिली. ओलेटाने ती घासून, झाकणावरच्या नावांच्या पट्ट्या जपून, ज्याची त्याला परत केली. पाचव्या दिवशी ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर हजर झाली. मीही तेव्हा तिथेच कामाला, तिच्याच शेजारी उभी असायचे. तो शुक्रवार होता, म्हणजे पेपरोनी रोलचा, आत मसालेदार मांस भरलेल्या पावाचा दिवस. तिने चारशे रोल वळले आणि एकही वाकडा झाला नाही. कुणी काही म्हणालं की ती मान डोलवायची. त्या हिवाळ्यात ती सगळ्यांनाच मान डोलवत होती.

आमच्या लिक फोर्कचा नेमबाजीचा क्लब म्हणजे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचा कापलेला डोंगर आणि त्याच्यासमोर पत्र्याखाली मांडलेली सहा टेबलं. सभासद चाळीस, त्याहून एकही जास्त नाही. कुणी गेलं की यादीतला पुढचा आत येतो. मात्र नवरा गेला तर त्याची जागा बायकोला घेता येते. अट एकच. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, क्लबच्या वहीत नंबर असलेल्या, नवऱ्याच्याच पिस्तुलाने, वीसपैकी चौदा गोळ्या काळ्या गोलात बसल्या पाहिजेत.

डॉइलचं टेबल चौथं. दर गुरुवारी कामावरून सुटलं की दोघं तिथे जायची. तो मारायचा, ती दुर्बिणीतून कागदावरची भोकं बघून सांगायची. थर्मासच्या एकाच झाकणातून दोघं कॉफी प्यायची. ते टेबल जाऊ नये, एवढं एकच तिला हवं होतं. दुसरं काही हवं किंवा नको म्हणावं, असं तिच्यात काही उरलंच नव्हतं.

पण ओलेटाचं मनगट वीस वर्षं शाळेचे ट्रे उचलून कामातून गेलेलं होतं आणि डॉइलच्या पिस्तुलाचा धक्का तिला सोसायचा नाही. जानेवारीत बर्ल चॅफिनने तिला चौथ्या टेबलाशी उभं केलं. बर्लचं बंदुकांचं दुकान आहे, क्लबची वहीही त्याच्याकडेच असते. त्याने तिला न सांगता मॅगझिनमध्ये मधूनच दोन खोट्या गोळ्या भरल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा खोटी गोळी आली, बार झालाच नाही, तरी पिस्तुलाचं तोंड टेबलाकडे झुकलं.

"बघितलंस?" बर्ल म्हणाला. "बंदूक नाही उडत गं, तूच उडतेस."

"दिसलं मला," ओलेटा म्हणाली.

फेब्रुवारीत ती मुलीला, ट्रिनाला, घेऊन त्याच्या दुकानात गेली. बर्लने काचेवर दोन वस्तू ठेवल्या.

"हे एक लहान पिस्तूल, बावीस मापाच्या गोळीचं. बोटाच्या पेराएवढी गोळी, धक्का जवळजवळ नाहीच. शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही. कागद भरायचा, मी फोन लावतो, सरकारकडून हो आलं की घेऊन जा. आणि हे दुसरं म्हणजे किट. डॉइलच्या पिस्तुलाचा वरचा अर्धा भाग काढायचा आणि त्या जागी हा बसवायचा. मूठ तीच, चाप तोच, गोळी मात्र बावीसची."

"याला कागद नाही लागत?"

"नाही. कायद्याने बंदूक म्हणजे खालचा अर्धा भाग. नंबर त्याच्यावर असतो. वरचा भाग नुसता सुटा तुकडा, पोस्टानेसुद्धा येतो."

ओलेटा जरा वेळ त्या किटकडे बघत राहिली. "म्हणजे वर काहीही बसवलं तरी ते डॉइलचंच."

"कायद्याने त्याचंच. क्लबच्या वहीतही त्याचंच. पण माझं ऐकशील तर किट घेऊ नकोस. फार नखरे असतात त्याचे, गोळी आवडली नाही की थुंकून टाकतं. आधी लहान पिस्तुलावर हात बसव, मग हळूहळू डॉइलच्या मोठ्यावर ये. परीक्षा त्यानेच दे. शहाणी माणसं असंच करतात."

"मॉम, ऐक की त्याचं," ट्रिना म्हणाली. "मी तर म्हणते दोन्ही नको. विणकाम शीक."

"विणकामानेही मनगट दुखतं."

"पण विणकामाने परसातल्या कोंबड्या तरी दचकत नाहीत!"

बर्ल हसला. ओलेटाने पिशवीतून डॉइलचं पिस्तूल काढलं. मुठीभोवती त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. जिथे त्याचा अंगठा टेकायचा तिथे ते रबर झिजून चकचकीत झालं होतं. तिने आपला अंगठा तिथे ठेवला. तो अर्धाच पोचला.

"ही मूठ राहील ना?"

"राहील."

"मग किटच दे."

डबा बांधता बांधता बर्ल म्हणाला, "आणि हो, हे रिकामं वाजवायचं नाही. गोळी नसताना चाप ओढायचा नाही. कळलं?"

ओलेटाने मान डोलवली.

त्याच संध्याकाळी सहाला जेवण झाल्यावर तिने टेबल पुसलं. पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा बघितलं आणि कॅलेंडरच्या खिळ्यावर नेम धरला. टक्. आवाज डॉइलच्यापेक्षा जरा पातळ होता. तिने दहा वेळा केलं, मग उठून भांडी घासली. पुढचे सात आठवडे एकही संध्याकाळ चुकली नाही. हे तिनेच मला नंतर सांगितलं, पिठाच्या गोळ्यांवरची नजर न काढता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरातली गोष्ट सांगावी तसं.

गुरुवारी ती एकटी क्लबवर जायची. किट बसवलेल्या पिस्तुलाने सुरुवातीला बारा गोळ्या काळ्यात बसल्या, मग पंधरा, मार्चच्या शेवटी अठरा. थर्मास ती नेत होती, पण झाकण उघडलं जात नव्हतं.

एप्रिलचा पहिला शनिवार उजाडला. डोंगराच्या कापावर ऊन होतं. ओलेटाने मॅगझिन बसवलं, वरचा भाग सोडला, तर तो अर्ध्यातच अडकला. गोळी आत जाईना. गोळी बदलली, मॅगझिन बदललं, तरी तेच. बर्लने वरचा भाग काढून विजेरीच्या उजेडात नळीचं मागचं तोंड बघितलं.

"ओलेटा, तू हे रिकामं वाजवत होतीस?"

"रोज. दहा वेळा."

"अगं, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं असशील."

"बावीसच्या गोळीला ठोका बसतो तो काठावर. गोळी नसली की ठोक्याची पिन सरळ नळीच्याच काठावर आपटते. हे बघ, खाच पडलीय. त्या खाचेची धार आत वळलीय, मग गोळी कशी शिरेल? डॉइलच्या पिस्तुलाचा ठोका मधोमध पडतो, रिकामं असलं तर हवेत. त्याला आयुष्यभर वाजवलं तरी काही होत नाही. सराव करत होतीस का?"

"नाही," ओलेटा म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, तिला पुढचा शनिवार द्या की. बर्लने वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. वहीत पहिला शनिवार लिहिलेला होता.

ओलेटाने पिशवीत हात घातला आणि डॉइलचा जाड लोकरी मोजा बाहेर काढला. त्याच्यात पिस्तुलाचा मूळचा वरचा भाग होता, तेल लावून ठेवलेला. तिने तो बसवला, मोठ्या गोळ्या भरल्या आणि उभी राहिली.

पहिला बार झाला. बर्ल कागदाकडे बघतच नव्हता, तो तिच्या हाताकडे बघत होता. हात उडाला नाही. दुसऱ्या बारालाही नाही. सात आठवड्यांच्या त्या टक्-टक्ने तिचं दचकणं गेलं, की तिला दचकवण्यासारखं आता काही राहिलंच नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या पाचांना मनगट ठणकायला लागलं. तिने एकदा पिस्तूल टेबलावर ठेवून बोटं मिटली, उघडली आणि उरलेल्या गोळ्या मारल्या.

कागद आणला. तेरा भोकं काळ्यात. चौदावं अगदी कडेला. रेषेला स्पर्श असला तर ते आतलंच धरतात. बर्लने भिंग लावलं.

"लागलंय," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

ओलेटा पुढे झाली आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. "नाही लागलेलं."

"अगं, भिंग माझ्या हातात आहे."

"सव्वीस वर्षं असल्याच कागदांवरची भोकं मी मोजलीत, बर्ल. डॉइलला मी असलं कधी दिलं नाही."

"एकदा तरी दिलं असशील की!"

"घरी जाईपर्यंत बोलायचा नाही तो माझ्याशी. तरी नाही दिलं."

तिने जुडग्यातली क्लबच्या फाटकाची किल्ली नखाने सोडवली आणि वहीवर ठेवली. चौथ्या टेबलाशी दोघांच्या बसायच्या दोन उशा होत्या. दोन्ही काखेत घेऊन ती गाडीकडे गेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बर्ल मात्र बराच वेळ भिंग पुसत बसला होता, असं तिथे आलेली ट्रिना मला म्हणाली.

सोमवारी शाळा सुटल्यावर ओलेटा दुकानात गेली.

"किटचा काठ सरळ करून देतो," बर्ल घाईघाईने म्हणाला. "छोटंसं हत्यार असतं त्याला. पाच मिनिटांचं काम."

"राहू दे." ती काचेखाली बघत होती. "त्या दिवशीचं लहान पिस्तूल आहे अजून?"

"आहे. क्लबच्या यादीत नाव घालू तुझं? अकरावी येशील. लवकर नंबर लागेल असं काही मी सांगत नाही."

"घाल." मग तिने विचारलं, "हे रिकामं वाजवलं तर चालतं?"

बर्लने तिच्याकडे बघितलं. "हे चालतं. याची पिन काठापर्यंत पोचतच नाही."

तिने ते हातात घेतलं. मूठ थंड होती, गुळगुळीत. कुठेच काही झिजलेलं नव्हतं.

"मग हे दे."

बर्लने कागद पुढे सरकवला. पहिल्याच ओळीत नाव विचारलेलं असतं. पेन हातात धरून ओलेटा थोडी थांबली. व्हार्नी, ओलेटा. तिने लिहिलं आणि बर्लने फोन उचलला.

त्या संध्याकाळी सहाला तिने टेबल पुसलं. पिस्तूल लहान, त्याचा आवाजही लहान. दहा झाले तेव्हा ती उठली आणि तिने नळ सोडला.