गच्चीवरून दिलेले तीन मिस्ड कॉल

हसायचं नाही, हे कबूल असेल तरच सांगतो. चहा घ्या आधी.

मी मोबाईल टॉवरवर काम करतो, ठाऊक आहेच तुम्हाला. टूजीपासून फाइव्हजीपर्यंत पुण्यातल्या निम्म्या गच्च्यांवर अँटेना मीच चढवलेत, असं निदान घरी सांगतो. तर त्या दिवशी शनिवार पेठेतल्या एका गच्चीवर फाइव्हजीचं काम संपलं. संध्याकाळ, खडकवासल्याकडून येणारा गार वारा आणि आभाळ असं केशरी, की पाना हातातच राहिला.

आणि मला टूजी आठवलं! बायकोशी, म्हणजे वैशालीशी, तेव्हा नुकतंच जमलं होतं. खिडकीतून हात बाहेर काढला, की रेंजची एक काडी यायची. बोलणं परवडतंय कोणाला? मिस्ड कॉलचीच भाषा होती आमची. एक म्हणजे पोचले. दोन म्हणजे निघाले. तीन म्हणजे तुझी आठवण येतेय. आणि उचलायचा मात्र नाही. उचलला तर काय मजा?

तर गच्चीवरच्या त्याच संध्याकाळी खराडीच्या एका शाळेत वैशालीची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. किती वर्षं वाट बघत होती बिचारी. म्हटलं, जरा धीर देऊ. नव्याकोऱ्या नेटवर्कवरून दिले तीन मिस्ड कॉल.

लगेच तिचा फोन! नियम म्हणजे नियम, मी उचलला नाही. परत वाजला. परत. पाण्याच्या टाकीला टेकून, डोळे मिटून मी मोजत होतो. अकरा! अहो, एवढी आठवण तिला लग्नाआधीसुद्धा आली नव्हती. मी पार विरघळलो.

तासाभराने वैशाली धापा टाकत गच्चीवर आली, मागोमाग घरमालक काका. मला बघून ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मी टॉवरवरून पडलो असं वाटून, मुलाखत टाकून, सकाळी मीच सांगितलेल्या पत्त्यावर रिक्षाने आली होती.

काका शांतपणे म्हणाले, "जिवंत आहेत. खात्री झाली असेल तर उतरताना जिन्यातला दिवा बंद करा."

"अगं, तीन म्हणजे आठवण ना?" मी पुटपुटलो.

तिने डोळे पुसले. "आठवण म्हणजे दोन. तीन म्हणजे संकट. बाबा घरी आहेत, इकडे फिरकू नकोस."

शाळेने तिला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. माझा फोन पर्समध्ये घालूनच ती गेली आणि जागा मिळवून आली.

मी मात्र अजून विचार करतोय. त्या काळात तिचे तीन आले, की मी भांग पाडून, अत्तर लावून धावत तिच्या दारात हजर व्हायचो. आणि दर वेळी दार नेमके तिचे बाबाच कसे उघडायचे, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.