शेवटच्या रांगेपर्यंत

परभणीच्या नाटकवाल्यांत शांतम्माचं नाव होतं ते तिच्या कुजबुजीसाठी. बाकीच्या नट्या घसा ताणून जे पोचवायच्या, ते ही ओठ जेमतेम हलवून शेवटच्या रांगेत शेंगा फोडत बसलेल्या माणसापर्यंत पोचवायची. ती मूळची पोखर्णीची. किराणा दुकानदार राजेश्वरशी लग्न करून शहरात आली आणि तिथल्या नाट्यमंडळाच्या नाटकात मोलकरीण होणारी बाई ऐन वेळी माहेरी निघून गेली म्हणून रंगमंचावर उभी राहिली. मोलकरीण आठवड्यानं परत आली, पण काम काही तिला परत मिळालं नाही. आपल्या घरच्या सुना तोंडाला रंग फासत नसतात, असं सासूनं आठ दिवस ऐकवलं आणि नवव्या दिवशी प्रयोगाला पहिल्या रांगेतली खुर्ची धरली.

मग पंचवीस-तीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धा. पुढे मालिका आल्या. कधी आजी, कधी दाई, आणि तीन मालिकांत तर नुसतं मरायचं काम. तेही ती मन लावून करायची.

चार वर्षांपूर्वी डावा कान गेला. मागोमाग उजवाही विझत चालला. मशीन लावून पाहिलं, तर डोक्यात भांड्यांची मांडणी कोसळल्यागत व्हायचं, आणि कॅमेऱ्यापुढं ते लपवणार कुठं? हे एकट्या राजेश्वरला ठाऊक होतं. तो म्हणायचा, झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिऱ्या नटीला काम कोण देतंय, हे त्यानं बोलून दाखवायची गरजच नव्हती. शांतम्मा सगळ्यांचे संवाद पाठ करायची आणि समोरच्याचे ओठ मिटले की आपलं वाक्य टाकायची. आवाज चढला की दिग्दर्शक हसायचे, काकूंची नाटकाची सवय जात नाही म्हणायचे. तीही हसायची.

आणि आता साठीला टेकल्यावर सिनेमातली मुख्य भूमिका चालून आली होती. दिग्दर्शक सेलूचा महारुद्र, पोरगा गुणी. पण दाढीमिशा अशा, की आतून शब्द निघतोय की घास चावतोय ते कळू नये. शांतम्मा त्याच्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलवायची. शूटिंग पिंगळीजवळच्या एका मळ्यात होतं. रेल्वे जायला लागली की सगळे गप्प व्हायचे आणि ही एकटीच बोलत राहायची. लोकांचे चेहरे बघून मग थांबायची.

त्या दिवशीचा प्रसंग साधा होता. बारा वर्षांनी मुलगा परत येतो, दारावर थाप मारतो. तिसऱ्या थापेला भाकरी थापणारी आई वळून बघते. तालमीत तिनं दाराला पाठ टेकून बसायची युक्ती काढली होती, थाप पाठीत कळायची. पण उजेड नीट पडेना म्हणून महारुद्रनं चूल समोरच्या कोपऱ्यात हलवली.

ती भाकरी थापत राहिली. सुनेचं काम करणारी स्वप्ना समोर पीठ चाळत होती. तिचे डोळे कावरेबावरे झाले तेव्हा कुठं शांतम्मा वळली. दार हादरत होतं. सात-आठ थापा तरी झाल्या असाव्यात. संपलं, असं तिला वाटलं. बघते तर माणसं टाळ्या वाजवत होती. रागावलेल्या आईनं मुलाला ताटकळत ठेवलं, काय समज आहे काकूंची, असं जो तो म्हणत होता. ते ओठ तिनं वाचले आणि चुकीला मिळालेली शाबासकी निमूट घेतली.

पण सिनेमाचं असं असतं, एकदा जमलेलं पुन्हा करायचं असतं. कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावून तसंच घ्यायचं, पण या वेळी मोजून पाचव्या थापेला वळायचं, हे स्वप्नाच्या ओठांवरून तिला कळलं. पाचवी थाप कुठली, हे आता भाकरी सांगणार होती का?

स्वप्ना पोर भली होती. शांतम्मानं तिचा हात धरला, जवळ ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बोलली, अगदी कुजबुजत.

"पोरी, मला ऐकू येत न्हाई. पाचव्या थापेला खूण कर. कुणाला सांगू नको."

स्वप्ना पांढरीफटक पडली. शांतम्मानं वर पाहिलं. दिवेवाला, कॅमेरेवाला, चहाचा ट्रे धरलेली बाई, सगळे तिच्याकडंच बघत उभे होते. शांतता राखायची हाक मघाशीच पडली होती, आणि ती तिला कुठून ऐकू येणार? तीस वर्षं कमावलेली कुजबुज मळ्याच्या पार बांधापर्यंत गेली होती.

महारुद्र चालत आला, समोर उकिडवा बसला आणि बोलायला लागला. दाढी हलत राहिली. काढून टाकत होता की समजावत होता, काही कळेना. शांतम्माची मान सवयीनं डोलायला लागली होती. तिनं ती थांबवली.

"मला कळलं न्हाई," ती म्हणाली. "परत सांगा."

महारुद्रनं दोन्ही हातांनी मिशा बाजूला सारल्या, ओठ उघडे केले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "काकू, खूण मी करतो."