रमाबाईंचं धुणं

रमाबाईंच्या हातच्या धुण्याचं ठाण्याला वागळे इस्टेटच्या चाळीत नाव होतं. बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून बायका विहारात जमल्या की त्यांची साडी लांबून ओळखू यायची.

मुलाने डोंबिवलीत कारखान्यांच्या अंगाला फ्लॅट घेतला आणि त्या आमच्या शेजारी आल्या. बाई तीच, साबण तोच, नीळही तीच. बदलली फक्त दोरी. पण इथे सकाळी वाळत घातलेल्या साडीवर संध्याकाळपर्यंत तांबूस-काळे ठिपके उठतात. यंदा तशीच साडी नेसून त्या ठाण्याच्या विहारात गेल्या, तर जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, "रमा, हात थकले गं तुझे." घरी येऊन त्या माझ्यापाशी रडल्या. जन्माची कमाई त्या ठिपक्यांनी खाल्ली, आणि दोष कुणाला, तर बाईला!

पुढच्याच आठवड्यात एका संस्थेचं पथक यायचं होतं. प्रदूषण कुठे नीट आवरलं जातं, ठाण्यात की डोंबिवलीत, याची तुलना ते करणार होते. मला वाटलं, चला, विचारणारं कुणीतरी येतंय. पण आमच्या सोसायटीचा चेअरमन सर्वेश, त्याने फतवा काढला: त्या दिवशी गॅलरीत एकही कपडा दिसता कामा नये.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, काकू," मला म्हणाला. "आपला नंबर खाली गेला तर फ्लॅटचे भाव पडतील."

म्हणजे खोकायचं आम्ही आणि मूठ झाकायची याने! त्याहून चीड याची की सगळ्या बिल्डिंगने निमूट दोऱ्या रिकाम्या केल्या. रमाबाईंची आणि माझी, या दोन गॅलऱ्या तेवढ्या राहिल्या.

पथकातल्या प्रियांका मॅडम सर्वेश आणि त्याची बायको कल्पिता यांच्यासोबत वर आल्या. रमाबाईंची साडी बघून थांबल्या.

"हे डाग कसले?"

सर्वेश हसला. "अहो, आजींचं वय झालंय. नजर गेलेली. धुणं जमत नाही आता."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तोंडात शिवी आलेली. पण रमाबाईच पुढे झाल्या. सर्वेशच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे त्यांनी नीट बघून घेतलं.

"सर्वेश, हा शर्ट तुझ्या गॅलरीत वाळवलेला का रे?"

"त्याचं काय इथे?"

"तुझ्या दोरीवर पांढरं कधी बघितलं नाय मी, म्हणून विचारते."

कल्पिताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"पांढरे कपडे मी ठाण्याला नेते, माझ्या माहेरी," ती मॅडमना म्हणाली. "तिकडेच धुऊन वाळवून आणते. इथे घातले की वाया जातात."

"अगं, तू कशाला मध्ये..."

"मग काय करू? आजींचं नाव खराब करताय तुम्ही."

रमाबाईंनी दोरीवरच्या साडीचा ठिपक्यांनी भरलेला पदर मॅडमच्या हातात दिला.

"ठाण्याला जाल तेव्हा आमच्या विहारात तेवढं सांगा, बाई," त्या म्हणाल्या. "रमाच्या धुण्यात खोट नाय."