आधी आपली हवा वजा करा

"आधी आपलं वजा करा, सर," असं म्हणून ती टेबलावरून उजवा तळहात सावकाश फिरवायची. टेबल स्वच्छ असलं तरी. आमच्या प्रयोगशाळेत कुणावर खापर फोडायची वेळ आली, की हा हात टेबलावर आलाच म्हणून समजा.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर धड रागावताही येत नाही. जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कारखान्यात ते माणूस म्हणजे ही बाई. मी प्रयोगशाळेचा प्रमुख, ती आकडेमोड बघणारी. एकदा कपाशीच्या एका लॉटची उगवण फारच कमी आली. ज्याच्या शेतातून ते बी आलं होतं, त्या शेतकऱ्याला मी फोनवर झापायला सुरुवात केली. तेवढ्यात हिचा हात टेबलावर. "आपली पेटी बराबर चालून राह्यली का ते बघा आधी." पेटी म्हणजे बी उगवायला ठेवतो ते कपाट. उघडलं तर आतला पंखाच बंद. शेतकरी अजून फोनवर होता. मी त्याला पाऊसपाणी विचारलं, मुलाबाळांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

वजाबाकीची ही खोड तिला आमच्याकडे लागलेली नव्हती. ती भौतिकशास्त्रात पीएचडी करून आलेली होती, आणि विषय काय, तर दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची हवा. पुढे संशोधनाची जागा मिळेना आणि घरी वडील एकटे, म्हणून ती बदनापूरजवळच्या आपल्या गावी परत आली आणि आमच्याकडे लागली. सकाळच्या गाडीने जालन्याला यायची. दुपारच्या सुट्टीत एका हातात भाकरीचा घास आणि दुसरा हात लॅपटॉपवर. जुन्या प्राध्यापकांबरोबर तिचं काम चालूच होतं.

कारखान्यात बातमी पसरली, की मॅडम ग्रह बघतात. झालं. हिशेबखात्यातले एक गृहस्थ मुलीची पत्रिकाच घेऊन आले. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, आदराने बघितली आणि परत दिली. "काका, ह्यातले ग्रह माझ्याकडं न्हाईत. माझे लई लांबचे हायत." गृहस्थ हिरमुसले, पण लांबच्या ग्रहांची बाधा होते का, हे विचारून घेतल्याशिवाय काही हलले नाहीत.

समजावून सांगायची तिची हातोटी मात्र अशी, की मला हेवा वाटायचा. आमच्याकडे बी चाळून प्रतवारी करणारं मोठं मशीन आहे. ते चालवणारे शेखभाई. त्यांना ती म्हणाली, "तुमच्या मशीनसारखंच हाय, शेखभाई. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तव्हा ताऱ्याचा उजेड त्या ग्रहाच्या हवेतून चाळून येतो. हरेक वायू आपापला रंग अडकून ठेवतो. कोणते रंग कमी आले ते बघायचं, म्हंजी तिथं काय हाय ते कळतं."

"और अपनी हवा?" शेखभाईंनी विचारलं. "वो भी तो बीच में आती."

ती अशी खूश झाली, की डबा तसाच राहिला. "तेच तर! दुर्बीण आपल्या हवेखाली उभी. आपली वाफ बी तेच रंग खाती. म्हणून आधी आपली हवा वजा करायची."

मग परदेशातल्या एका विद्यापीठात संशोधकाची जागा निघाली. काम तिच्याच विषयाचं, मुदत दोन वर्षं. पीएचडीनंतर ठरावीक वर्षांतच तिथे अर्ज घेतात, आणि तिचं ते शेवटचं वर्ष होतं. ही जागा गेली, की ग्रहांचा विषय कायमचा मिटला. तिने अर्ज केला आणि शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. पोचली ती एका निष्कर्षाच्या जोरावर. एका ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ आहे, असं तिच्या आकडेमोडीत दिसलं होतं. आम्ही सगळे त्या ग्रहाला "मॅडमचा ग्रह" म्हणायला लागलो होतो.

मुलाखतीच्या आठवड्यात ती चहाला आली तीच चेहरा पाडून.

"सर, ते पाणी आपलंच निघालं."

तिने पृथ्वीवरच्या हवेतली ओल वजा केली होती, पण निरीक्षणाच्या सगळ्या वेळासाठी एकच आकडा धरून. दुर्बीण आहे त्या डोंगरावर मात्र ओल हळूहळू वाढत गेली होती. तो वाढलेला भाग वजा व्हायचा राहिला आणि ग्रहाच्या नावावर जमा झाला. बियाण्याचा ओलावा रोज मोजणाऱ्या जागेत बसून ही बाई ओलाव्यातच फसली होती. एरवी मी तिला महिनाभर चिडवलं असतं.

"कोणाला कळलंय का?" मी विचारलं.

"मला."

"मग मुलाखत होऊ दे. जागा मिळाली, की तिथं जाऊन सांग. दुरुस्त्या काय, सगळेच करतात."

"सर, लॉट नापास झाला तर तुम्ही थैलीला पासचा टॅग लावता का?"

मी चहा संपवला. माझा सल्ला व्यवहाराचा होता, आणि आजही मला तो अगदीच चुकीचा वाटत नाही. पण तो तिला देण्यात अर्थ नव्हता, हे मला कळायला हवं होतं.

गावाकडे इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून मुलाखत कारखान्यातल्या माझ्या खोलीतून झाली. शेखभाईंनी आपणहून मशीन बंद ठेवलं. मॅनेजरसाहेब विचारायला आले तर म्हणाले, "पट्टा गरम हो रहा साहब, थोडा ठंडा होने दो." शेजारच्या लोखंडाच्या मिलचा आवाज काही थांबवता येण्यासारखा नव्हता. आम्ही काचेच्या दाराबाहेर उभे. माझं इंग्रजी कामापुरतं, तरी एवढं कळलं, की नमस्कार-चमत्कार झाल्याबरोबर तिने ते सांगून टाकलं. पडद्यावरचे तिघं कागद चाळायला लागले. मला त्या क्षणी तिचा राग आला, आणि तितकाच अभिमानही वाटला. नंतर त्यांनी बरेच प्रश्न विचारले. ती शांतपणे उत्तरं देत राहिली.

बाहेर आली तर शेखभाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभे.

"जागा न्हाई मिळायची, शेखभाई."

"तो क्या हुआ? तुम्ही बोल्या तर बराबर ना? खाव."

तिने दोन खाल्ले. मग ओंजळीत तोंड घेऊन थोडा वेळ बसली, आणि उठून कपाशीच्या लॉटचे आकडे घेतले.

निकाल आला त्यात तिचं नाव दुसरं होतं. पहिल्या आलेल्याने दुसरीकडची जागा घेतली, म्हणून जागा हिला मिळाली आणि ही तिकडे गेली. खरेपणाचं फळ मिळालं, असं कोणी म्हणालं की मी चिडतो. तिचा पहिला नंबर खरेपणापायीच गेला, असं माझं मत. ती म्हणते, पहिला आलेला तिच्यापेक्षा हुशार होता. या बाबतीत आमचं जमत नाही.

तिच्या वडिलांकडे, बापूंकडे, मी अधूनमधून रविवारी जातो. मोसंबीची थोडी बाग आहे, बापू एकटेच बघतात. गेल्या खेपेला मी असतानाच तिचा फोन आला. बापूंनी तो मोठ्याने ऐकू येईल असा लावला आणि सर आलेत म्हणून सांगितलं.

"सर बी तिथंच हायत का? बरं झालं! आमचा निकाल आला. ज्या ग्रहावर सगळ्यांचा डोळा होता ना, तिथं हवाच न्हाई! तिघांनी वेगळं वेगळं तपासलं. बिलकुल काहीच न्हाई!"

काहीच न सापडल्याचा इतका आनंद मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मी जोरात हसलो. बापूंनी मला विचारलं, "काहीच न्हाई म्हणती का?" मी मान हलवली. मग ते फोनजवळ वाकले.

"काहीच न्हाई तिथं, तर मंग घरी ये की."

तिचा आवाज खाली आला.

"बापू, अजून एक वर्ष हाय. दुसरे ग्रह हायत बघायचे."

"बरं. बघ. बराबर बघ." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही बोला. म्या मोटार चालू करून येतो, झाडं सुकून राह्यलीत."

मी तिच्याशी थंडीचं, जेवणाचं बोलत राहिलो.

"बापू कुठं गेले?" तिने मध्येच विचारलं.

"मोटार चालू करायला."



"सर, ह्या हप्त्यात शेताची लाईट रात्रीची हाय. दिवसा मोटार चालत न्हाई."

मी दाराबाहेर बघितलं. बापू मोसंबीच्या पहिल्याच झाडापाशी घराकडे पाठ करून उभे होते.

"येतील," मी म्हणालो.

"येऊ द्या त्यांच्या वेळानं," ती म्हणाली. "मी थांबते."